पत्र्याचे मशीन दरपत्रकावरून ठरवू नये

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की मुंबईच्या आसपास छपरांची कामे जोरात सुरू होतात. वसई, भिवंडी, अंबरनाथ, तळोजा या पट्ट्यात गोदामांच्या आणि कारखान्यांच्या शेड उभ्या राहू लागतात, शहरातल्या जुन्या सोसायट्या गळक्या गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालायला काढतात, आणि याच दिवसांत काही तरुण मंडळी पत्रे बनवण्याचे मशीन घ्यायच्या विचाराने माझ्याकडे सल्ला मागायला येतात. मी वसईत एका गाळ्यात छपराचे आणि भिंतीचे रंगीत पन्हळी पत्रे बनवतो. येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात तीन दरपत्रके असतात, कारण कर्जाच्या अर्जाला ती जोडावी लागतात, आणि 'यातले कोणते घेऊ?' हा एकच प्रश्न असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की त्या तीन कागदांवरून हे ठरूच शकत नाही. बँकांनी आणि जिल्हा उद्योग केंद्रांनी दरपत्रकासोबत आणखी दोन कागद मागितले, तर पुष्कळांचे कर्जही बुडणार नाही आणि त्यांच्या गिऱ्हाइकांची छपरेही गळणार नाहीत. हे कागद कोणते, ते पुढे सांगतो; त्याआधी त्यांची गरज का वाटते ते सविस्तर लिहिणे भाग आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच टनांची रंगीत पत्र्याची कॉइल, म्हणजे गुंडाळी, ती उलगडणाऱ्या डिकॉइलरवर चढवतात. तिचा सपाट पत्रा एकापुढे एक उभ्या केलेल्या रोलरच्या जोड्यांमधून (अशा एका जोडीला स्टँड म्हणतात) जातो, प्रत्येक जोडी त्याला थोडे थोडे वाकवते, आणि शेवटच्या जोडीतून बाहेर येईपर्यंत १,२२० मिलिमीटर रुंदीच्या सपाट पत्र्याचा पन्हळी पत्रा झालेला असतो, जो छपरावर साधारण एक मीटर रुंदी झाकतो. पुढे हायड्रॉलिक कटर त्याला हव्या त्या लांबीला कापतो. यात तापवणे, ठोकणे काहीही नाही. सगळे वाकवणे थंड पत्र्यावर होते, आणि थंड पत्रा वाकवून सोडला की किंचित परत उलगडतो. कारखान्यात याला आम्ही स्प्रिंग बॅक म्हणतो. हे उलगडणे मशीन बनवणाऱ्याने किती जाणले आहे, यावरच त्या मशीनची लायकी ठरते.

हे मला फार उशिरा कळले. २०१३ साली मी पहिले मशीन घेतले, ते तीन दरपत्रकांतले सर्वांत स्वस्त होते. चौदा स्टँडचे मशीन, मिनिटाला २० मीटरचा वेग, वर्षभराची हमी. बनवणाऱ्याच्या कारखान्यात माझ्यासमोर चाचणी झाली, दहा-बारा पत्रे सुरेख निघाले, मी समाधानाने उरलेली रक्कम देऊन टाकली. पहिले मोठे काम भिवंडीतल्या एका गोदामाचे मिळाले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर गोदामाच्या मालकांनी मला बोलावून घेतले आणि काही न बोलता आतली फरशी दाखवली. फरशीवर ओल्या रेघा होत्या, एकमेकींना समांतर, पट्टीने आखाव्यात तशा बरोबर एकेक मीटर अंतरावर. खोक्यांच्या थप्प्यांवरही तेच. त्यांनी आतले दिवे मालवायला सांगितले. भर दुपारी डोक्यावर, प्रत्येक दोन पत्र्यांच्या जोडावर, उजेडाची दोऱ्याएवढी बारीक रेघ दिसत होती. एकही स्क्रू सैल नव्हता, एकही पत्रा फाटलेला नव्हता. बसवणाऱ्या कारागिरांनी पाय देऊन, दाबून, स्क्रू मारून आपले काम नीट केले होते. पत्र्याची शेवटची पन्हळ मात्र शेजारच्या पत्र्याच्या पन्हळीवर चपखल बसत नव्हती, कारण ती मशीनमधूनच जराशी उघडी निघत होती. जोडांना सीलंटची पट्टी लावून, मध्ये जादा स्क्रू मारून आम्ही ते छप्पर सावरले. तो सगळा खर्च मी सोसला, पण त्या मालकांचा भिजलेला माल भरून देणे माझ्या कुवतीत नव्हते, आणि ती बोच आजही आहे.

कारण शोधायला मला कित्येक महिने लागले. चाचणीच्या दिवशी मशीनवर लावलेली कॉइल बनवणाऱ्याची होती आणि ती मऊ पोलादाची होती. छपरासाठी मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणत होतो ती कॉइल ५५० मेगापास्कल (पोलादाची ताकद मोजण्याचे एकक) ताकदीची होती. मऊ पत्रा २५० ते ३०० मेगापास्कलला वळण धरतो आणि जवळजवळ वळवला तसा राहतो. ५५० चा पत्रा कडक, तो जास्त उलगडतो. म्हणून कडक पत्र्यासाठी शेवटच्या काही रोलरनी त्याला हव्या त्या कोनापेक्षा थोडे जास्त वाकवावे लागते, म्हणजे उलगडल्यावर तो बरोबर कोनावर येऊन थांबतो. माझ्या मशीनचे रोलर मऊ पत्र्याच्या हिशेबाने कापलेले होते. दरपत्रकात 'जाडी ०.३ ते ०.८ मि.मी.' एवढेच छापलेले होते. पत्रा कोणत्या ताकदीचा, याचा शब्दही त्यात नव्हता, आणि मीही विचारला नव्हता.

या जाडीच्या आकड्याबद्दलही सांगायला हवे. रोलरच्या जोडीतली फट एका विशिष्ट जाडीसाठी लावलेली असते. ती ०.८ साठी मोकळी सोडली तर ०.३५ चा पत्रा रोलरच्या पकडीत येत नाही आणि कोन गोलसर निघतात, ०.४५ साठी लावलेल्या फटीतून ०.८ चा पत्रा रेटला तर रंगावर चट्टे उठतात आणि रोलर फिरवणाऱ्या शाफ्टवर ताण येतो. प्रत्येक स्टँडची फट बदलता येते हे खरे, परंतु वीस स्टँडची फट दोन्ही बाजूंनी सारखी बदलायला कुशल माणसाचा अर्धा दिवस जातो. रोजचा धंदा कोणत्या जाडीचा आहे ते आधी ठरवून मशीन त्या जाडीसाठी बनवून घ्यावे. आणि जाडी म्हणजे कोणती, हेही कागदावर लिहून घ्यावे. बाजारात ०.५० म्हणून मिळणाऱ्या पत्र्यात मूळ पोलाद ०.४५ च्या आसपास असते, बाकीचा भाग जस्त-ॲल्युमिनियमच्या थराचा आणि रंगाचा. मशीनला वाकवावे लागते ते मूळ पोलाद, आणि छपराचा भारही तेच पोलाद पेलते.

स्टँड किती असावेत, हा दुसरा वादाचा मुद्दा. पत्र्याचा मधला भाग रोलरमधून सरळ जातो, कडा मात्र वर उचलल्या जातात आणि आत ओढल्या जातात, म्हणजे तेवढ्याच मशीनमध्ये कडेला जास्त वाट चालावी लागते. हा चढ हळूहळू असेल तर कड ताणली जाऊन पुन्हा मूळ लांबीवर येते. चढ एकदम असेल तर कड कायमची ताणली जाते, आणि ती वाढीव लांबी लाटांच्या रूपाने दिसते. पत्रा जमिनीवर ठेवला की त्याची कड साडीच्या निऱ्यांसारखी वरखाली होते. अशी कड शेजारच्या पत्र्यावर कधीच बसत नाही. २८-३० मि.मी. उंचीच्या पाच पन्हळींचा नेहमीचा पत्रा ५५० च्या पोलादात काढायचा तर चौदा स्टँड कमी पडतात, असा माझा अनुभव आहे. माझ्या आताच्या मशीनला बावीस आहेत. स्टँडची संख्या कमी केली की मशीन स्वस्त होते आणि गाळ्यात जागाही कमी लागते, म्हणून हा मोह मोठा असतो. पन्हळीच्या दोन आकारांचे रोलर एकावर एक बसवलेली दुमजली मशीनेही याच कारणाने खपतात. मुंबई परिसरात गाळ्याचे भाडे पाहता मी त्यांना सरसकट नावे ठेवणार नाही, परंतु खालच्या मजल्यावरच्या रोलरची फट लावायला हात पोचतो का, हे स्वतः वाकून पाहिल्याशिवाय त्यांची ऑर्डर देऊ नये.

खरे तर मशीनचा विचार करण्याआधी पत्र्याचा, आणि पत्र्याच्याही आधी छपराचा विचार व्हायला हवा. मशीन घेतल्यावर पन्हळीचा आकार बदलता येत नाही. रोलर कापले गेले की तो आकार पुढची पंधरा-वीस वर्षे तुमचा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर जवळपास ११८ किलो वजनाइतका भरतो. इमारतीची उंची, आकार आणि भोवतालची मोकळी जागा यांनुसार तो कमीजास्त होतो, आणि छपराच्या कडेला व कोपऱ्यांत वारा पत्र्याला वर ओढतो ती ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीत घराघरांवरचे पत्रे उडाले. त्यातल्या किती ठिकाणी दोष पत्र्याचा, किती ठिकाणी स्क्रूचा आणि किती ठिकाणी वाशांचा, हा हिशेब मी मांडू शकत नाही. परंतु उथळ पन्हळीचा पातळ पत्रा दूर दूर टाकलेल्या पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर) बसवला तर तो वाऱ्यात फडफडतो आणि वॉशरखालीच फाटतो, हे मी दापोलीकडे गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिले आहे. पन्हळ खोल असली की तोच पत्रा जास्त भार पेलतो आणि कमी उताराच्या छपरावरही पाणी जोडाच्या खाली ठेवतो. म्हणून ज्याला मुंबई-कोकणात छपरे विकायची आहेत त्याने मशीनसाठी खोल पन्हळ मागावी, आणि जोडाच्या आतल्या पन्हळीत पाणी वर चढू न देणारी खाच आहे की नाही ते आराखड्यावर बोट ठेवून विचारावे. दोन पत्रे चिकटून बसले की मधल्या फटीत पाणी आपोआप वर ओढले जाते. ती खाच ही ओढ तोडते. स्वस्त मशीनमध्ये नेमकी हीच खाच वगळलेली असते, कारण तिच्यासाठी आणखी रोलर लागतात.

भिंतीच्या पत्र्याचे दुखणे वेगळे आहे. तिथे पाणी साचत नाही आणि उतार नसतो, परंतु पत्रा सतत लोकांच्या नजरेसमोर असतो. भिंतीच्या पत्र्यात पन्हळी उथळ आणि मधला सपाट भाग रुंद ठेवतात, आणि रोलरचा ताण जरासा असमान झाला की त्या सपाट भागावर फुगवटे येतात. सकाळी भिंत सपाट दिसते. पश्चिमेचे ऊन तिरके पडले की तीच भिंत डब्याच्या चेपलेल्या पत्र्यासारखी दिसू लागते, आणि आर्किटेक्ट बिल अडवून ठेवतात. सपाट भागात एक-दोन बारीक उभ्या रेषा दाबून घेतल्या की फुगवटे पुष्कळ कमी होतात. छपराचे मशीन घ्यायचे आणि तोच पत्रा उलटा करून भिंतीला लावायचा, असे बरेच जण करतात. शेडच्या भिंतीला ते चालते. दर्शनी इमारतीची कामे हवी असतील तर भिंतीचे मशीन वेगळे घ्यावे.

वेगाचा आकडा ही जाहिरातीतली सर्वांत मोठी फसगत आहे. मिनिटाला १५ मीटर म्हणजे रोलर फिरत असतानाचा वेग. साध्या मशीनमध्ये कापण्यासाठी पत्रा थांबवावा लागतो. ३ मीटरचा पत्रा पुढे यायला १२ सेकंद, थांबून कापून पुन्हा सुरू व्हायला ५ सेकंद. म्हणजे १७ सेकंदांत ३ मीटर, मिनिटाला साडेदहा मीटर. कॉइल बदलण्याचा, पत्रे उचलून थप्पी लावण्याचा, वीज जाण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. लहान उद्योगाला इतका वेगही पुरून उरतो. ०.५० चा पत्रा मीटरला साधारण साडेचार किलो भरतो, तेव्हा पाच टनांच्या कॉइलमधून सुमारे १,१०० मीटर माल निघतो आणि तो दोन तासांत संपतो. त्या दिवसाची उरलेली वेळ माल विकण्यातच जाणार असते. वेगासाठी मोजायचे पैसे जास्तीच्या स्टँडवर आणि चांगल्या रोलरवर घालावेत, हे मी प्रत्येकाला सांगतो.

रोलरचे पोलाद, त्यावरचे क्रोम, शाफ्टची जाडी, साखळीवर चालणारे की गिअरवर चालणारे, याची चर्चा खूप होते. त्यावर एवढेच म्हणतो की हे सगळे दरपत्रकात शब्दांनी लिहून घ्यावे, तोंडी ठेवू नये. रोलरची झिलई मात्र स्वतः तपासावी. पत्र्यावरचा रंग २० ते २५ मायक्रॉनचा, आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. रोलरवर एक कण चिकटला किंवा एक ओरखडा असला तर तो प्रत्येक पत्र्यावर शेवटपर्यंत उमटत जातो, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज नेमका त्याच रेघेतून सुरू होतो.

आता चाचणीबद्दल. दुसरे मशीन घेताना मी माझ्या कॉइलचा तुकडा, म्हणजे चाळीस मीटर पत्रा, टेम्पोत घालून बनवणाऱ्याच्या कारखान्यात नेला. सोबत कॉइलचे प्रमाणपत्र होते, ज्यावर पोलादाची ताकद, मूळ जाडी आणि थराचे वजन लिहिलेले असते. पहिले दोन पत्रे बाजूला ठेवले, पुढचे सहा घेतले. त्यातले तीन फरशीवर एकमेकांवर चढवून मांडले आणि मी एका टोकाला पालथा पडून जोडाखाली विजेरी धरली. दुसऱ्या टोकाला माझा मुलगा उजेड दिसतो का ते पाहत होता. दुसऱ्या जोडात हातभर लांबीवर उजेड दिसला. बनवणाऱ्याने शेवटच्या तीन स्टँडची फट बदलली, पुन्हा पत्रे काढले, पुन्हा मी पालथा पडलो. चौथ्या वेळी उजेड गेला. मग सहाही पत्र्यांची रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजली, कारण कापल्यानंतर पत्र्याची टोके बऱ्याचदा फाकतात आणि मधल्या मापावरून ते कळत नाही. लांबी मोजली, दोन्ही कर्ण मोजले. शेवटी पांढरे सुती फडके पत्र्याच्या रंगावरून फिरवले. हे सगळे व्हायला सकाळचे दहा ते दुपारचे साडेतीन वाजले, आणि बनवणारे गृहस्थ सुरुवातीला नाराज असले तरी नंतर त्यांनीच मला सांगितले की असे कोणी मागत नाही. फिरत्या रोलरवर झाकण आहे का, ते उघडले की मशीन थांबते का, हेही त्याच दिवशी पाहावे. माझ्या ओळखीच्या एका कारागिराची दोन बोटे हातमोज्यासकट रोलरमध्ये गेली आहेत.

म्हणून माझी विनंती अशी आहे. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमांतून किंवा थेट बँकेकडून यंत्रासाठी कर्ज दिले जाते, तेव्हा दरपत्रकासोबत पत्र्याचा आराखडा मागावा, ज्यात पन्हळीची उंची, झाकली जाणारी रुंदी, मापांतली चालणारी तफावत, पोलादाची ताकद आणि मूळ जाडी लिहिलेली असेल. हा झाला पहिला कागद. मशीनवाल्याने त्यावर सही केली की तोच करार. दुसरा कागद चाचणीचा. मशीनच्या किमतीचा शेवटचा हप्ता, मग तो पाचवा हिस्सा का असेना, खरेदीदाराने स्वतःच्या कॉइलवर चाचणी घेऊन सही केलेला अहवाल आल्यावरच सोडावा. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि बँकेचा एक रुपयाही जास्त जात नाही. अर्जदाराला मात्र मशीनवाल्यासमोर उभे राहताना आधार मिळतो, कारण 'बँक पैसे सोडत नाही' हे वाक्य लहान माणसाच्या तोंडीही जोरकस ठरते. २०१३ मध्ये माझ्या हाती हे दोन कागद असते तर भिवंडीच्या त्या गोदामात पाणी शिरले नसते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मशीनच्या ऑर्डरी दिल्या जातात आणि त्यांचे अर्ज त्याआधीच बँकेत पडलेले असतात. यंदाच्या अर्जांत निदान चाचणीच्या अहवालाची अट तरी घातली जावी, यासाठी आपल्या दैनिकाने हे पत्र संबंधितांच्या नजरेस आणावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक
परळ, मुंबई